कोयना धरण अवकाशातून तोलायचं तर

कोयना धरण काठोकाठ भरलं की त्यात 105 टीएमसी पाणी असतं. एक टीएमसी म्हणजे 2.83 कोटी घनमीटर, तेव्हा गुणाकार केला की जवळपास 3 घनकिलोमीटर, म्हणजे 3 अब्ज टन. एवढं वजन सह्याद्रीतल्या एका खोऱ्यात चार महिन्यांत येऊन बसतं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यातलं बरंचसं निघून जातं. वजन वाढलं की त्या जागेचं गुरुत्वाकर्षणही वाढतं, थोडंसं का होईना. आता 490 किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या उपग्रहाला हे कळतं का? कळतं, पण जेमतेम. ते पाणी कोयनेचंच आहे हे मात्र त्याला काही केल्या सांगता येत नाही. या 'जेमतेम'चा हिशोब एकदा नीट मांडला, तर उपग्रहाच्या आकड्यांवरून जिल्हावार भूजलाचे जे रंगीत नकाशे फिरत असतात त्यांच्याकडे कसं बघायचं हे आपोआप कळतं.

आधी आकड्यांचा अंदाज. जमिनीवर 10 सेंटीमीटर जाडीचा पाण्याचा अफाट थर पसरला, तर त्याच्यावर उभ्या असलेल्या माणसाला गुरुत्व सुमारे 4.2 मायक्रोगॅलनं (गुरुत्व मोजायचं बारीक एकक) वाढलेलं लागेल. पृथ्वीचं एकूण गुरुत्व 98 कोटी मायक्रोगॅल. म्हणजे मोजायचा फरक साधारण तेवीस कोटींत एक, आणि तोही जमिनीवर उभं राहून. वर गेलं की आणखी पातळ होतो.

दोन उपग्रह आणि मधलं अंतर

एवढा बारीक फरक मोजणारा ताणकाटा अवकाशात नेऊन उपयोग नाही. उपग्रह आणि त्यातली प्रत्येक वस्तू एकाच वेगानं पृथ्वीभोवती 'पडत' असते, त्यामुळे आतला काटा शून्यच दाखवणार. म्हणून नासा आणि जर्मनीची अवकाश संस्था डीएलआर यांनी 17 मार्च 2002 ला रशियातल्या प्लेसेत्स्कहून सोडलेल्या ग्रेस मोहिमेत मोजमापाचं उपकरण म्हणजे खुद्द उपग्रहच होते. एकसारखे दोन, एकाच कक्षेत, एकामागे एक, मध्ये साधारण 220 किलोमीटर. खाली बघणारा कॅमेरा नाही, रडार नाही. पुढचा उपग्रह जड भागाच्या जवळ येतो तेव्हा तो आधी ओढला जातो आणि अंतर वाढतं. तो पुढे निघून गेल्यावर मागे खेचला जातो, त्याच वेळी मागचा पुढे ओढला जातो, आणि अंतर कमी होतं. शेवटी मागचाही ओलांडून जातो आणि सगळं पूर्ववत होतं. हे कमीजास्त होणं मायक्रॉनच्या पातळीवर टिपायचं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो आणि उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त धावत असतात, हे लक्षात घेतलं की कामाची जात कळते.

अंतर मोजायला दोन्ही उपग्रह एकमेकांकडे सूक्ष्मलहरी पाठवतात, साधारण 24 आणि 32 गिगाहर्ट्झवर. दोन वारंवारता कशाला, तर आयनमंडल लहरींचा वेग बदलतं आणि किती बदलतं हे वारंवारतेवर ठरतं. दोन्हीची तुलना केली की तो परिणाम वजा करता येतो. जागा आणि वेळ जीपीएसकडून, रोख ताऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांकडून.

सगळ्यात नाजूक भाग मात्र त्वरणमापक. पाचशे किलोमीटरवरही विरळ हवा असते, सूर्यप्रकाशाचाही दाब असतो, आणि या दोन्हींनी उपग्रहांमधलं अंतर बदलतं. तो बदल गुरुत्वाचा नाही, तेव्हा तो काढून टाकावाच लागतो. त्यासाठी उपग्रहाच्या बरोबर वस्तुमानकेंद्रावर धातूची एक लहान वडी इलेक्ट्रोडच्या पेटीत तरंगती ठेवलेली असते. हवा उपग्रहाच्या कवचाला अडवते, आतल्या वडीला नाही. वडीला मधोमध ठेवायला जेवढा विद्युतबल लागतो, तेवढी हवेची आणि प्रकाशाची ढकल. ही वडी केंद्रापासून सरकली तर उपग्रहाचं नुसतं डुलणंसुद्धा खोटं त्वरण म्हणून नोंदलं जातं. म्हणून उपग्रहावर पुढेमागे सरकवता येणारी छोटी वजनं बसवलेली असतात आणि चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागात राखली जाते.

आकड्यांत दिसणाऱ्या जखमा

ग्रेसची रचना पाच वर्षांसाठी होती, चालली पंधरा. त्या जास्तीच्या वर्षांची किंमत आकड्यांमध्ये दिसते आणि ती माहीत नसेल तर हमखास फसगत होते.

2011 पासून बॅटऱ्या थकल्या. कक्षेचं प्रतल आणि सूर्य यांच्यातला कोन साधारण 161 दिवसांच्या फेऱ्यानं परत तोच येतो. त्या फेऱ्यात वीज कमी पडली की उपकरणं महिना-दीड महिना बंद ठेवावी लागत. त्यामुळे 2011 नंतर दर पाच-सहा महिन्यांनी एखाद-दुसरा महिना गायब आहे. 2016 च्या अखेरीस वीज वाचवायला एका उपग्रहाचा त्वरणमापकच बंद केला. 2017 च्या मध्यानंतर वापरण्याजोगा महिना नाही. पुढची जोडी, ग्रेस फॉलो-ऑन, 22 मे 2018 ला कॅलिफोर्नियातून फाल्कन 9 वर गेली. मधे जुलै 2017 ते मे 2018 असे अकरा महिने कोरे. आपल्यासाठी याचा अर्थ नीट समजून घ्या: 2017 चा अख्खा पावसाळा आणि त्याचं शिखर नोंदलेलंच नाही. जूनचा तळ आणि पुढच्या जूनचा तळ सरळ रेषेनं जोडला की 2017 मध्ये पाऊसच पडला नाही असं चित्र उभं राहतं. असे आलेख मी पुष्कळ पाहिले आहेत.

नव्या जोडीतही एका उपग्रहाचा त्वरणमापक उड्डाणानंतर महिन्याभरात बिघडला. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. दुसरा उपग्रह त्याच वाटेनं, त्याच हवेतून, सुमारे 29 सेकंदांच्या अंतरानं जातो (220 किलोमीटर भागिले सेकंदाला 7.6). तेव्हा चांगल्या उपग्रहाची नोंद घ्यायची, तेवढ्या सेकंदांनी सरकवायची आणि बिघडलेल्याला लावायची. या कलमाला 'ट्रान्सप्लांट' म्हणतात. हवा सारखी असली तरी रोख सांभाळणाऱ्या बारीक इंजिनांचे झटके ज्याचे त्याचे वेगळे असतात, ते स्वतंत्र हिशोबानं घालावे लागतात. कलम चांगलं जमलं आहे, पण पूर्ण नाही. याचा फटका गुरुत्वक्षेत्राच्या काही मोठ्या घटकांना बसतो (गुरुत्वक्षेत्र लाटांची बेरीज म्हणून मांडतात, त्यातल्या प्रत्येक लाटेचा आकडा म्हणजे गुणांक). पृथ्वीचं चपटेपण दाखवणारा सी20 हा गुणांक ग्रेसला पहिल्यापासूनच नीट मिळत नाही. तो जमिनीवरून लेसर मारून उपग्रहांचं अंतर मोजण्याच्या जुन्या पद्धतीतून घेऊन बदलतात. एकच त्वरणमापक चालू असण्याच्या काळात सी30 सुद्धा बदलावा लागतो. तिसरी उणीव पहिल्या कोटीच्या, म्हणजे सगळ्यात रुंद लाटांच्या गुणांकांची: उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवतीच फिरतात, त्यामुळे ते केंद्र भूपृष्ठाच्या मानानं किती हललं हे त्यांना कळत नाही. तेही बाहेरून घालावं लागतं. तयार जाळीच्या (नकाशाच्या चौकोनांत आकडे भरून दिलेल्या) फाइलमध्ये ही तिन्ही कामं झालेली असतात. कच्चे गुणांक उतरवून स्वतः नकाशा करणारा हटकून यातलं एखादं विसरतो.

नव्या जोडीवर सूक्ष्मलहरींच्या जोडीला लेसरनं अंतर मोजायची सोयही आहे. ती मायक्रॉनच्या कितीतरी खाली, नॅनोमीटरच्या घरात जाते. मग महिन्याचे नकाशे तेवढ्या पटीनं सुधारले का? नाही. कारण आता अडतं ते अंतराच्या मोजणीशी नाही. त्वरणमापक, भरती-ओहोटीची प्रारूपं आणि महिन्याच्या आत होणारे हवेच्या दाबाचे चढउतार, या तिन्हींच्या चुका अंतराच्या चुकीपेक्षा मोठ्या आहेत. फूटपट्टी सुधारली, पण मोजायची वस्तूच हलते आहे.

नकाशा धूसर का

इथे एक सूत्र टाळता येत नाही. गुरुत्वक्षेत्र वेगवेगळ्या रुंदीच्या लाटांची बेरीज म्हणून मांडतात. लाटेची कोटी (म्हणजे तिचा क्रमांक, शंभर लाख नव्हे) जितकी मोठी तितका तपशील बारीक. कोटी 60 म्हणजे 20,000 भागिले 60, साधारण 330 किलोमीटर. उंचीवर गेल्यावर प्रत्येक लाट क्षीण होते. किती, ते काढायला पृथ्वीची त्रिज्या भागिले कक्षेची त्रिज्या करायचं आणि त्याचा कोटीपेक्षा एक जास्त असा घात घ्यायचा. 500 किलोमीटर उंचीसाठी भागाकार 0.927. कोटी 10 असेल तर वर 43 टक्के उरतं. कोटी 60 ला एक टक्का. कोटी 200 ला, म्हणजे 100 किलोमीटरच्या तपशिलासाठी, चाळीस लाखांत एक. हे उपकरणाचं अपयश नव्हे, उंचीचा नियम आहे. लेसर असो की आणखी काही, 500 किलोमीटरवरून एक जिल्हा वेगळा दिसणार नाही.

खाली उतरलं तर? युरोपच्या गोस उपग्रहानं तेच केलं. 17 मार्च 2009 ला (योगायोगानं तारीखही तीच, प्लेसेत्स्कही तेच) निघून तो 255 किलोमीटरवर उडाला. तिथे हवा इतकी की झेनॉनचं आयन इंजिन सतत चालवून अडवणूक भरून काढावी लागे. 40 किलो झेनॉन होता, तो ऑक्टोबर 2013 मध्ये संपला आणि तीन आठवड्यांत उपग्रह फॉकलंड बेटांजवळ वातावरणात जळाला. त्याच्या पोटात अर्ध्या मीटरच्या दांड्यांच्या टोकांना त्वरणमापकांच्या तीन जोड्या होत्या आणि गुरुत्वाचा उतार तो थेट मोजायचा. त्याचा स्थिर नकाशा 100 किलोमीटरपर्यंत बारीक आहे. पण तो स्थिर आहे: वर्षानुवर्षांची नोंद एकत्र करून काढलेला. महिन्यागणिक बदलणारं पाणी गोसकडून मिळत नाही, आणि डोंगर-खंदकांचा तपशील ग्रेसकडून मिळत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्रपातळीचा आदर्श पृष्ठभाग, म्हणजे जिऑइड, 106 मीटर खोल गेलेला आहे. तो स्थिर नकाशाचा विषय. त्या खोलगटाचं कारण पृथ्वीच्या प्रावरणात शेकडो किलोमीटर खाली आहे, पाण्याशी त्याचा संबंध नाही. 'भारताजवळ गुरुत्व कमी' अशा बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची नेहमी खिचडी होते.

आता पट्ट्या. कच्च्या गुणांकांचा नकाशा काढला की उत्तर-दक्षिण पट्ट्यांनी भरलेला दिसतो, जणू कोणी कंगवा फिरवला आहे. दोन्ही उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर जातात आणि अंतर फक्त जाण्याच्या दिशेनंच मोजतात. पूर्व-पश्चिम दिशेची त्यांना थेट खबर नाही. त्यात महिन्याच्या आत बदलणाऱ्या हवेच्या दाबाची आणि भरतीची शिल्लक चूक मिसळते. बारा तासांची सौर भरती तर 161 दिवसांच्या लाटेचं सोंग घेऊन आलेखात येते. पट्ट्या घालवायला गाळण्या लावतात, वर 300 किलोमीटरच्या आसपास त्रिज्येची गॉसियन पुसणी, म्हणजे प्रत्येक जागी आसपासच्या आकड्यांची सरासरी. पट्ट्या जातात, पण खरा संकेतही शेजारी सांडतो: पंजाबमधला खड्डा हिमालयात पसरतो, कोकणातलं पाणी अरबी समुद्रात.

म्हणून आता बहुतेक जण मास्कॉन वापरतात. पृथ्वीचा पृष्ठभाग तुकड्यांत वाटायचा आणि प्रत्येक तुकड्याचं वजन थेट अंतराच्या नोंदींतून काढायचं. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या मांडणीत 3 अंशांचे 4,551 समान तुकडे आहेत. 51 कोटी चौरस किलोमीटरला त्या संख्येनं भागा: एक तुकडा सुमारे 1 लाख 12 हजार चौरस किलोमीटरचा.

आता परत कोयनेकडे. 3 घनकिलोमीटर पाणी 1.12 लाख चौरस किलोमीटरवर पसरलं की 2.7 सेंटीमीटरचा थर होतो. एका तुकड्याच्या एका महिन्याच्या आकड्यातली चूक साधारण दोन सेंटीमीटरच्या घरात. म्हणून जेमतेम. शिवाय त्याच तुकड्यात पावसाळ्यात माती, मुरूम, नद्या, विहिरी आणि बाकीची धरणं मिळून 20 सेंटीमीटर वाढ झाली तर ते 790 टीएमसी होतात. कोयना त्यातला साधारण सातवा भाग, आणि उपग्रहाला फक्त बेरीज कळते. या धरणातून वीज करून सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत जाणारं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी ठरलेलं आहे. तुकड्यात ते पावणेदोन सेंटीमीटर भरतं. कमी झालेलं वजन दिसेल, पण ते पश्चिमेला बोगद्यातून गेलं की पूर्वेला नदीतून, की उसातून आकाशात, हे नोंदीत कुठेच नसतं.

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3.08 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे पावणेतीन तुकडे. मराठवाडा 64 हजारांच्या आसपास, एका तुकड्याच्या सहा दशांशाहूनही कमी. लातूर जिल्हा सात हजार, तुकड्याचा सोळावा भाग. फाइल अर्ध्या अंशाच्या जाळीवर मिळते म्हणून अर्ध्या अंशाचा तपशील त्यात आहे असं नाही. एकाच तुकड्यातल्या सगळ्या चौकोनांत तोच आकडा लिहिलेला असतो. त्यावर जिल्ह्यांच्या सीमा टाकून, संगणकाकडून मऊ रंगछटा भरून घेऊन 'जिल्हानिहाय भूजल' म्हणणं म्हणजे अख्ख्या पंगतीचं जेवण एकदम तोलून प्रत्येकानं किती पोळ्या खाल्ल्या ते सांगणं. गोदावरीचं खोरं (3.1 लाख चौ. किमी) किंवा कृष्णेचं (2.6 लाख) घेतलं, तर प्रश्न निदान विचारण्याजोगा होतो.

हिशोब करायचाच असेल तर

जेपीएलची मास्कॉन फाइल नासाच्या अर्थडेटा या संकेतस्थळावर नाव नोंदवून फुकट मिळते. नेटसीडीएफ स्वरूपात, पायथनमध्ये सहज उघडते. आकडे सेंटीमीटरमध्ये, 'द्रव पाण्याचा तेवढ्या वजनाचा थर' या अर्थानं. शून्य म्हणजे 2004 ते 2009 ची सरासरी. उणे आकडा म्हणजे दुष्काळ असं नाही, त्या सहा वर्षांच्या सरासरीपेक्षा कमी एवढंच. फाइलमध्ये तुकड्याचा क्रमांक देणारी जाळीही असते. आपल्या खोऱ्यात किती क्रमांक येतात ते आधी मोजा. दोनपेक्षा कमी आले तर तिथेच थांबलेलं बरं.

सरासरी काढताना प्रत्येक चौकोनाला अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्या. मास्कॉनवर वर आणखी गॉसियन पुसणी लावू नका, जुन्या लेखांची कृती उचलताना ही चूक सर्रास होते. फाइलसोबत 'गेन फॅक्टर'ची, म्हणजे प्रत्येक चौकोनाच्या आकड्याला लावायच्या गुणकांची, जाळी येते. ती एका जमीन-प्रारूपावर बेतलेली असून त्या प्रारूपात पंप लावून उपसलेलं भूजल नाही. ऋतुमानाच्या चढउतारासाठी ती वापरता येते, वर्षानुवर्षांच्या कलासाठी नाही.

महिने समान अंतरावर नाहीत, बारा-बाराच्या गटात बसवू नका. तारखांचा अक्ष दिवसांत असतो, तोच वापरा. कल काढताना सरळ रेषेबरोबर वार्षिक, सहामाही आणि 161 दिवसांची लाट एकदम बसवा. रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवा. 2004 चे जुलै ते डिसेंबर जपून वापरा: त्या सुमाराला कक्षा चार दिवसांत त्याच त्याच वाटांवर परत येत होती, मधल्या पट्ट्या रिकाम्या राहिल्या आणि त्या महिन्यांत चूक फुगलेली आहे.

भूजल हवं असेल तर एकूण वजनातून मातीतला ओलावा आणि धरणांचा साठा वजा करायचा. आपल्याकडे बर्फाचा प्रश्न नाही. मातीसाठी लोक बहुतेक वेळा नासाच्या जीएलडीएएस संचातलं नोआ प्रारूप घेतात. त्यात चार थर आहेत, एकूण दोन मीटर. चारही बेरजेत घ्या आणि ते मिलिमीटरमध्ये असतात, दहानं भागायला विसरू नका. मग त्यातूनही 2004–2009 ची सरासरी वजा करा, नाहीतर दोन वेगळ्या शून्यांची वजाबाकी होते. धरणांचा साठा त्या प्रारूपात नाही. तो केंद्रीय जल आयोगाच्या साप्ताहिक पत्रकातून किंवा राज्याच्या जलसंपदा विभागाच्या आकड्यांतून वेगळा घ्यावा लागतो. तो न घेतला तर भरलेली धरणं तुमच्या आलेखात 'भूजलात वाढ' म्हणून दिसतात. कृष्णा आणि गोदावरी खोऱ्यांत ही चूक मोठी होते.

खरी अडचण मातीचीच. नोआ प्रारूप सगळीकडे दोन मीटर माती धरतं. दख्खनच्या माळावर हातभर खणलं की मुरूम लागतो आणि पावसाळ्यात त्या मुरमातच विहिरीचं पाणी असतं. म्हणजे प्रारूप ज्याला ओलावा समजून वजा करतं, त्यातला काही भाग खरं तर भूजल असतो. उलट नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत कालव्यानं भिजवलेल्या उसाचा ओलावा प्रारूपाला माहीतच नाही, कारण त्यात सिंचन नाही. एकूण वजनातली चूक 2 सेंटीमीटर, मातीतली 3, धरणांतली अर्धा असं धरलं तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढल्यावर भूजलातली चूक 3.6 सेंटीमीटर येते.

काळा पाषाण आणि पंजाबची रेती

ही 3.6 सेंटीमीटर किती मोठी हे खडकावर ठरतं. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून जास्त भाग बेसॉल्टचा. भिजलेल्या खडकातून निथळून निघणाऱ्या पाण्याचं प्रमाण, म्हणजे स्पेसिफिक यील्ड, बेसॉल्टमध्ये 1 ते 3 टक्के धरतात. दोन टक्के धरू. मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत विहिरीची पातळी 5 मीटर चढली, तर साठ्यात भर पडली ती 10 सेंटीमीटर पाण्याची. हा हंगामी झोका मोठ्या खोऱ्याच्या सरासरीत दिसू शकतो. पण यंदाची पातळी गेल्या वर्षीपेक्षा 1 मीटर खाली आहे, ही शेतकऱ्याच्या दृष्टीनं मोठी बातमी, वजनात 2 सेंटीमीटर भरते आणि चुकीच्या आत बुडते. विहीर कोरडी पडते, उपग्रहाला पत्ता लागत नाही. मुरूम आणि मांजऱ्या खडकाखाली कठीण काळा पाषाण आहे. साठा उथळ, दरवर्षी भरणारा आणि दरवर्षी रिकामा होणारा. खोल बोअर लागतात त्या भेगांतल्या पाण्याचं वजन तर त्याहून नगण्य.

याच्या उलट राजस्थान, पंजाब, हरियाणा. तिथला गाळ शेकडो मीटर खोल आणि स्पेसिफिक यील्ड 12 टक्क्यांच्या आसपास. 2009 मध्ये मॅथ्यू रॉडेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेसच्या नोंदींवरून ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात तिथून 109 घनकिलोमीटर भूजल गेल्याचं दाखवलं. टीएमसीत 3,850, म्हणजे सुमारे 37 कोयना. वर्षाला सरासरी 4 सेंटीमीटर पाणी, त्या रेतीत पातळीची घट वर्षाला 33 सेंटीमीटर. तीच 4 सेंटीमीटर बेसॉल्टमधून काढायची तर पातळी 2 मीटर खाली जायला हवी, तीही वर्षामागून वर्षं. तेवढी खोली बेसॉल्टमध्ये नाही. उत्तरेकडचं ते क्षेत्र मात्र 4.4 लाख चौरस किलोमीटर, चार तुकडे, कल एकाच दिशेचा आणि पाऊस त्या काळात फारसा घटलेला नाही. ग्रेससाठी याहून सोयीची परिस्थिती नाही. ती पद्धत तशीच्या तशी उचलून मराठवाड्यावर लावणाऱ्यांनी निदान हा फरक लिहायला हवा.

महाराष्ट्रात जो कल निघतो तो बहुधा पावसाचा असतो. 2012, 2014 आणि 2015 ची कोरडी वर्षं शेवटाला आली तर 'भूजल झपाट्यानं घटतंय', 2019 चा पाऊस शेवटाला आला तर 'भूजल सुधारतंय'. सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष एकेकानं सरकवून कल परत काढून बघा. चिन्ह बदललं तर तो आकडा छापू नका.

पडताळणी विहिरींवरच करायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या पातळ्या त्या त्या खडकाच्या टक्केवारीनं गुणून पाण्याच्या थरात बदला आणि उपग्रहाच्या त्याच महिन्यांशी ताडा. इथे टक्केवारी दोनऐवजी तीन धरली की उत्तर दीडपट होतं, तेव्हा 'उपग्रह आणि विहिरी छान जुळल्या' असं कुठे वाचलं तर आधी त्यांनी किती टक्के धरले होते ते शोधा. अनेकदा जुळवण्यासाठीच तो आकडा निवडलेला असतो.

पुढची जोडी, ग्रेस-सी, 2028 च्या सुमाराला ठरली आहे. युरोपची आणखी एक जोडी तिच्यासोबत तिरप्या कक्षेत उडवायची योजना आहे. वेगवेगळ्या तिरकेपणाच्या दोन कक्षांमुळे पूर्व-पश्चिम दिशेचीही खबर मिळेल, पट्ट्या कमी होतील आणि नकाशे महिन्याऐवजी आठवड्याच्या आसपास निघू शकतील. तुकडाही काहीसा लहान होईल. लातूरएवढा मात्र नाही.